एमपीआयच्या प्रॅक्टिकलला पीसी वाढवले की प्रोग्रॅम हळू होतोय, पोरांना कम्युनिकेशन शिकवायची सुरुवात कुठनं करावी?

लॅब_नंबर_तीन

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे पण मनापासून विचारतेय, वेळ असेल तर वाचा.

मी कोल्हापूरजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते, यंदा फायनल इयरचा पॅरलल कॉम्प्युटिंगचा पेपर माझ्याकडं आलाय. लॅबमध्ये १६ पीसी धड आहेत, सगळे फोर कोर, उबुंटू टाकलंय, मधे गिगाबिट स्विच, ओपन एमपीआय सगळीकडं एकाच व्हर्जनचं (एमपीआय म्हणजे वेगवेगळ्या प्रोसेसना एकमेकांना मेसेज पाठवायची सोय देणारी लायब्ररी). म्हणजे सोय तशी चांगली आहे, तक्रार नाही.

मॅन्युअलप्रमाणं पहिलं प्रॅक्टिकल असं की एक कोटी आकड्यांचा अ‍ॅरे घ्यायचा, रँक झिरोनं (म्हणजे शून्य नंबरच्या प्रोसेसनं) तो सगळ्यांना वाटायचा, प्रत्येकानं आपापल्या तुकड्याची बेरीज करायची आणि शेवटी रिड्यूस करून, म्हणजे सगळ्यांच्या बेरजा एकत्र करून, एकूण काढायची. एका पीसीवर एकच प्रोसेस चालवली की डोळ्याची पापणी लवेपर्यंत उत्तर येतं आणि आठ पीसी जोडले की वेळ कितीतरी पटीनं वाढतो. उत्तर बरोबर येतंय, कोड बरोबर आहे, नुसता वेळ वाढतोय. आणि मला त्रास याचा होतो की जर्नलमध्ये कन्क्लूजनला पोरं "पॅरलल प्रोग्रॅम सीरियलपेक्षा वेगवान असतो" असंच उतरवतात कारण मॅन्युअलमध्ये तसं छापलंय, स्क्रीनवर उलटा आकडा दिसत असताना. इंजिनिअर व्हायला निघालेल्या पोरांनी स्वतः मोजलेल्या आकड्यापेक्षा छापलेल्या ओळीवर जास्त विश्वास ठेवावा हे मला बरं वाटत नाही.

दुसरं म्हणजे थिअरीत रिंग, मेश, हायपरक्यूब (प्रोसेसर एकमेकांना तारांनी जोडायच्या रचना), त्यांचे डायमीटर (सगळ्यात लांबच्या दोन नोडमधलं अंतर), बायसेक्शन विड्थ (जाळं अर्ध्यात कापायला किती तारा तोडाव्या लागतात) असा अख्खा धडा आहे. पोरं फॉर्म्युले पाठ करतात आणि विचारतात मॅडम हे हायपरक्यूब कुठं बघायला मिळतं, आपल्या लॅबमध्ये तर सगळे पीसी एकाच स्विचला आहेत. प्रश्न चुकीचा नाहीच.

डिपार्टमेंटमध्ये काहीजणांचं म्हणणं आहे की एमपीआय सोडा, ओपनएमपी (एकाच पीसीच्या कोरमध्ये काम वाटायची पद्धत) आणि थोडं जीपीयू दाखवा, बास. मला तसं करावंसं वाटत नाही पण का वाटत नाही ते नीट मांडता पण येईना. कुणी शिकवलंय का, किंवा कामात वापरता का? कुठनं सुरुवात करू?

---

उद्यमनगर_ते_हिंजवडी

मॅडम, मूळचा कोल्हापूरचा, आता पुण्यात याच लाइनमध्ये आहे त्यामुळं राहवलं नाही. तुमचं प्रॅक्टिकल हळू चालतंय हेच लय भारी आहे, ते बदलू नका, त्याच्यावरच पहिला तास घ्या.

हिशोब बघा. एक कोटी डबल म्हणजे ८० एमबी. गिगाबिट नेटवर्कवर प्रत्यक्षात साधारण ११५ एमबी पर सेकंद जातात. आठ पीसी असतील तर रँक झिरोला ७० एमबी बाहेर पाठवायचे आहेत, त्यालाच ०.६ सेकंद गेले. आणि तेच ८० एमबी स्वतःच्या मेमरीतनं वाचून बेरीज करायला आजच्या पीसीला दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात. म्हणजे दहा मिलिसेकंदाचं काम वाटून घेण्यासाठी सहाशे मिलिसेकंद वाटपात. इथं कितीही पीसी लावा, हरणारच. प्रत्येक आकड्यामागं ८ बाइट प्रवास आणि त्या बदल्यात एकच बेरीज, हे गणितच असं आहे की ते लांब पाठवून परवडत नाही.

आता त्याच प्रॅक्टिकलमध्ये एक बदल करायला सांगा, अ‍ॅरे वाटायचा नाही, प्रत्येक रँकनं आपला तुकडा स्वतःच तयार करायचा किंवा स्वतःच्या डिस्कवरनं वाचायचा. मग नेटवर्कवरनं फक्त शेवटचा रिड्यूस जातो, एकेक डबल, आठ पीसीला तीन टप्पे. लगेच वेळ खाली येतो. पोरांना दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहू द्या, कन्क्लूजन त्यांचं तेच बदलतील.

त्याच्या आधी मात्र पिंग-पाँग करून घ्याच. दोन पीसी, एकानं मेसेज पाठवायचा, दुसऱ्यानं तोच परत पाठवायचा, हजार वेळा करून सरासरी काढायची, निम्मी करायची. साइज १ बाइटपासनं दुप्पट करत करत काही एमबीपर्यंत न्यायची आणि ग्राफ काढायचा. ग्राफ आधी सपाट असतो, नंतर सरळ चढत जातो. सपाट भाग म्हणजे लॅटन्सी (मेसेज कितीही लहान असला तरी लागणारा वेळ), चढाचा भाग म्हणजे बँडविड्थ (सेकंदाला किती डेटा जातो). पुस्तकात जे अल्फा अधिक एन बीटा लिहिलेलं असतं (अल्फा म्हणजे लॅटन्सी, एन म्हणजे बाइट, बीटा म्हणजे दर बाइटला लागणारा वेळ) ते दोन्ही आकडे पोरांच्या हातात स्वतःच्या लॅबचे येतात. साध्या इथरनेटवर टीसीपीनं अल्फा ढोबळमानानं ५० मायक्रोसेकंद धरा, स्विच आणि कार्डप्रमाणं कमीजास्त होईल. ५० मायक्रोसेकंद ऐकायला काहीच नाही पण ३ गिगाहर्ट्झचा एक कोर तेवढ्या वेळात दीड लाख सायकल फिरलेला असतो. एका रिकाम्या मेसेजची किंमत दीड लाख सायकल, हे फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा.

मग हा खेळ करायला द्या: एक लाख डबल पाठवायचे, एकदा एकेक करून एक लाख मेसेज आणि एकदा सगळे मिळून एकच मेसेज. पहिल्याला एक लाख गुणिले ५० मायक्रोसेकंद, म्हणजे पाच सेकंदाच्या आसपास. दुसऱ्याला ७ मिलिसेकंद. दूध संघाचा टँकर गावात एक कॅन भरून चिलिंग सेंटरला जाऊन परत दुसऱ्या कॅनला आला तर जे होईल तेच, हे आपल्याकडच्या कुठल्याही पोराला सांगायची गरज नाही. (एक सूचना, पाठवणारा नुसता सेंड सेंड करत सुटला तर लायब्ररी आणि टीसीपी आतनं बरंच झाकून घेतात आणि आकडा कमी येतो, म्हणून दर मेसेजला उलट उत्तर घ्यायला लावा आणि एका बाजूचा वेळ निम्मा धरा, तरच लॅटन्सी खरी दिसते.)

याच्यानंतर मॅट्रिक्स मल्टिप्लिकेशन घ्या, कारण तिथं डेटा एन स्क्वेअर आणि काम एन क्यूब. २००० बाय २००० घेतलं तर एक मॅट्रिक्स ३२ एमबी, काम १६ अब्ज फ्लोटिंग ऑपरेशन. साध्या तीन लूपच्या कोडला सेकंदाला एक अब्ज धरले तर एका पीसीला १६ सेकंद. ए गुणिले बी बरोबर सी धरा, बी मॅट्रिक्स सगळ्यांना अख्खं, ए चे तुकडे वाटायचे, सी चे तुकडे परत आणायचे. रँक झिरोनं साधा फॉर लूप लावून एकेकाला पाठवलं तर कागदावर ४ पीसीला साधारण ५.३ सेकंद येतात, ८ ला ४.४ आणि १६ ला परत ५.७! आठच्या पुढं गेलं की वाढतंय. कारण काम तर एका सेकंदावर आलं पण रँक झिरोच्या एकाच केबलमधनं १५ वेळा ३२ एमबी बाहेर पडतायत.

आता फॉर लूप काढून एमपीआय_बीकास्ट (एकाकडचा डेटा सगळ्यांना देणारा कॉल) लावा. तो झाडासारखा वाटतो, झिरोनं एकाला दिलं, मग दोघांनी दोघांना, मग चौघांनी चौघांना, १६ पीसीला चार फेऱ्यांत काम. तेच १६ पीसी २.६ सेकंदावर येतात. मोठ्या डेटाला लायब्ररी याहून पण हुशार पद्धत वापरते, आधी तुकडे करून वाटते आणि मग सगळे आपापसात गोळा करतात, त्यामुळं आकडा अजून चांगला येऊ शकतो. प्रोसेसर तेच, नेटवर्क तेच, फक्त कोण कुणाला कधी देतो ते बदललं. माझ्या मते अख्ख्या विषयाचा जीव इथं आहे.

पोरांना आधी कागदावर हे आकडे काढायला लावा आणि मग रन करायला. उलटं नको.

---

गडहिंग्लजचा_पोरगा

मॅडम मी स्टुडंट आहे, तुमच्या कॉलेजचा नाही पण सेम विषय चालूय. वरच्या दादांचं पिंग-पाँगचं आजच करून बघणार. पण एक गोष्ट कुणीच नीट सांगत नाही ती विचारतो, दोन प्रोसेस आहेत, दोघं पण एकमेकाला आपापला अ‍ॅरे पाठवतात, म्हणजे दोघांचा कोड आधी सेंड मग रिसीव्ह. अ‍ॅरे १०० चा ठेवला तर मस्त चालतंय, एक लाखाचा केला की दोन्ही नुसतं अडकून बसतंय, एरर पण येत नाही काही नाही, कंट्रोल सी मारावं लागतंय. कोडमध्ये फक्त साइज बदललाय. मित्र म्हणतोय रॅम कमी असेल, पण एक लाख डबल म्हणजे ८०० केबी, त्याला रॅम कशाला कमी पडेल?

---

शाहूपुरी_सहावी_गल्ली

भावा रॅमचा काय विषय नाही. तुझा कोड १०० ला पण चुकीचाच आहे, फक्त १०० ला लायब्ररी सांभाळून घेतीय.

मेसेज लहान असला की एमपीआय तो समोरच्यानं मागायच्या आधीच पाठवून देतं, पलीकडं बफरमध्ये जाऊन पडतो आणि तुझा सेंड लगेच परततो. याला ईगर म्हणतात. मेसेज ठराविक साइजच्या वर गेला की लायब्ररी आधी विचारते, मी एवढं पाठवतोय, तुझा रिसीव्ह तयार आहे का, आणि तिकडनं हो आल्याशिवाय डेटा सोडत नाही, हे रॉन्देव्हू. आता तुझ्या कोडमध्ये दोघं पण सेंडवर उभे आहेत, दोघं पण समोरच्याच्या रिसीव्हची वाट बघतायत आणि रिसीव्ह दोघांचा पण सेंडच्या खाली लिहिलाय. कोण कुणाला हो म्हणणार? सरळ डेडलॉक. आणि ती साइजची मर्यादा लायब्ररीप्रमाणं, नेटवर्कप्रमाणं बदलते, एकाच पीसीवर दोन प्रोसेस असतील तर वेगळी आणि केबलवरनं असतील तर वेगळी, म्हणून असला कोड घरी चालतो आणि लॅबमध्ये अडकतो.

उपाय तीन. एक, सम रँकनं आधी सेंड आणि विषम रँकनं आधी रिसीव्ह. दोन, एमपीआय_सेंडरिसीव्ह वापर, दोन्ही एकाच कॉलमध्ये. तीन, आयसेंड आणि आयरिसीव्ह टाकून शेवटी वेटऑल, आणि मधल्या वेळात दुसरं काम करून घे, हा शिकायला थोडा जड आहे पण पुढं हाच लागतो.

आणि मॅडम, तुमच्यासाठी, हे दाखवायला एक सोपी गोष्ट आहे. सगळे एमपीआय_सेंड बदलून एमपीआय_एस्सेंड करायला सांगा, त्यातला जादाचा एस सिंक्रोनसचा. तो साइज कितीही असू दे, समोरच्यानं रिसीव्ह सुरू केल्याशिवाय परततच नाही. त्यामुळं जो कोड चुकून चालत होता तो लगेच अडकतो आणि चूक सबमिशनच्या आधी सापडते. प्रत्येक प्रॅक्टिकल आधी एस्सेंडवर पास झालं पाहिजे असा नियमच करा.

---

टी८००

शाहूपुरीवाल्यांनी एस्सेंडचं लिहिलं ते वाचून बरं वाटलं, कारण आम्ही शिकलो तेव्हा त्याशिवाय दुसरा सेंड नव्हताच. नव्वदच्या दशकात पुण्यात शिकत असताना ट्रान्सप्यूटरवर काम करायला मिळालं होतं. इन्मॉस या ब्रिटिश कंपनीची चिप, तिच्यातच प्रोसेसर, थोडी मेमरी आणि बाहेर जायला चार लिंका, एकेक लिंक सेकंदाला २० मेगाबिटपर्यंत. भाषा ऑकम. टोनी होअर यांनी १९७८ साली सीएसपी (कम्युनिकेटिंग सिक्वेन्शियल प्रोसेसेस) म्हणून जी कल्पना मांडली तिच्यावर बेतलेली, चॅनलवर उद्गारचिन्ह टाकलं की पाठवणं, प्रश्नचिन्ह टाकलं की घेणं, आणि दोघं भेटल्याशिवाय कुणीच पुढं सरकणार नाही. दोन ओळीत डेडलॉक काय असतो ते कळायचं.

मॅडम, तुमच्या पोरांच्या हायपरक्यूबच्या प्रश्नाचं उत्तर या चार लिंकांत आहे. समजा चिपला चारच दारं आहेत आणि हायपरक्यूबमध्ये दर नोडला जेवढ्या मिती तेवढे शेजारी लागतात. चार दारांत फार तर चार मितींचा, म्हणजे १६ नोडचा हायपरक्यूब होतो. ६४ चा करायचा तर सहा दारं पाहिजेत. मेशला मात्र नोड कितीही वाढवा, चार दारं पुरतात. म्हणजे टोपॉलॉजी (कोण कुणाला जोडलाय ती रचना) हा तेव्हा तारा किती ओढायच्या, पैसे किती लागतील, याचा रोजचा प्रश्न होता. ६४ नोडसाठी पोरांना तुलना करायला लावा: रिंगला तारा ६४, डायमीटर ३२, बायसेक्शन २. आठ बाय आठ मेशला तारा ११२, डायमीटर १४, बायसेक्शन ८. हायपरक्यूबला तारा १९२, डायमीटर ६, बायसेक्शन ३२. फॉर्म्युला पाठ करण्यापेक्षा हे तीन चित्रं वहीत काढून तारा मोजल्या की डोक्यातनं जात नाही.

खरी यंत्रं पण सांगा. कॅलटेकमध्ये ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला चार्ल्स साइट्झ आणि जेफ्री फॉक्स यांच्या गटानं ६४ नोडचा कॉस्मिक क्यूब बांधला. कनेक्शन मशीनमध्ये ६५,५३६ छोटे प्रोसेसर होते, एका चिपवर १६ प्रमाणे ४०९६ चिपा, आणि त्या चिपा १२ मितींच्या हायपरक्यूबमध्ये जोडलेल्या. आणि आपल्याकडचं म्हणजे परम ८०००. अमेरिकेतनं सुपरकॉम्प्युटर मिळणं अवघड झाल्यावर १९८८ मध्ये पुण्यात सीडॅक ही सरकारी संस्था उभी राहिली, विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला आणि तो याच ट्रान्सप्यूटरवर चालायचा. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचा माणूस आणि पुण्यात बांधलेलं यंत्र, हे आपल्या पोरांना वर्गात सांगितलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. इतिहास म्हणून तर सांगाच, पण त्या यंत्राची सगळी लढाई हीच होती, एकटा प्रोसेसर कमी ताकदीचा, मग बरेच घ्यायचे आणि त्यांच्यातलं बोलणं नीट करायचं.

मग हायपरक्यूब गेला कुठं? तेव्हाच्या सुरुवातीच्या यंत्रांत मेसेज दर नोडवर पूर्ण उतरवून घ्यायचा आणि मग पुढं ढकलायचा, त्यामुळं वाटेत सहा नोड असले तर सहापट वेळ. नंतर वर्महोल राउटिंग आलं, डॅली आणि साइट्झ यांचं काम, मेसेजचं तोंड पुढं सरकतं आणि बाकीचं शरीर मागनं येत राहतं, त्यामुळं मोठ्या मेसेजला अंतराचं फारसं काही राहिलं नाही. अंतर स्वस्त झाल्यावर एवढ्या तारा कोण ओढणार? आज जपानच्या फुगाकू सुपरकॉम्प्युटरमध्ये सहा मितींचा टोफू मेश-टॉरस आहे, अमेरिकेच्या फ्रंटियरमध्ये ड्रॅगनफ्लाय आहे, ही पण जोडणीचीच दुसरी जाळी.

पण हायपरक्यूब मेला नाही, तो तारांतनं निघून सॉफ्टवेअरमध्ये जाऊन बसला. तुमच्याकडं १६ पीसी आहेत ना, १६ पोरं उभी करा, ० ते १५ नंबर द्या, प्रत्येकाकडं एक आकडा. पहिल्या फेरीत ज्याचा नंबर शेवटच्या बिटनं वेगळा त्याच्याशी आकडा बदलायचा आणि दोघांनी बेरीज करायची, दुसऱ्या फेरीत दुसरा बिट, मग तिसरा, मग चौथा. चार फेऱ्यांत सोळाही पोरांकडं एकूण बेरीज. हेच रिकर्सिव्ह डबलिंग, लहान मेसेजच्या ऑलरिड्यूसला (एकूण उत्तर सगळ्यांकडं पोचवणारा रिड्यूस) लायब्ऱ्या अजून हे वापरतात. रिंगमध्ये हातोहात दिलं तर १५ फेऱ्या लागतील, ते पण करून बघा. चार मितींचा हायपरक्यूब कुठं असतो विचारणाऱ्या पोरांना सांगा, तुम्हीच उभे आहात त्यात.

---

क्लाउडवाला_कळंबा

मी थोडं वेगळं बोलणार, राग मानू नका. पोरांना जॉब लागायला पाहिजे. एमपीआय पुण्यात, बेंगळुरूत मोजक्या ठिकाणी विचारतात. ओपनएमपीच्या चार ओळी टाकल्या की फोर कोर लॅपटॉपवर तीन-साडेतीन पट वेग दिसतो, पोरं खूश, मग जीपीयू आणि एआय ट्रेनिंगकडं वळा. दोन पीसींत एसएसएच की (पासवर्डशिवाय लॉगिन व्हायची) टाकण्यात आणि फायरवॉल बंद करण्यात अर्धं सेमिस्टर जातं, त्यापेक्षा ते बरं नाही का?

---

उद्यमनगर_ते_हिंजवडी

राग कसला, मुद्दा बरोबरच आहे, जॉब पाहिजेच. पण एआय ट्रेनिंगचंच उदाहरण घेऊया. मॉडेल आठ जीपीयूवर ट्रेन करताना दर स्टेपला सगळ्यांचे ग्रेडियंट (मॉडेल कुठं किती बदलायचं ते सांगणारे आकडे) एकत्र करावे लागतात, तो ऑलरिड्यूसच आहे. मोठ्या डेटासाठी तो बऱ्याचदा रिंगनं करतात, डेटाचे पी तुकडे (पी म्हणजे जीपीयू किती ते), दोनदा पी वजा एक फेऱ्या, आणि प्रत्येक जीपीयू जवळजवळ डेटाच्या दुप्पटच बाइट पाठवतो, जीपीयू आठ असोत नाहीतर चौसष्ट. वर काकांनी सांगितलेली रिंग जी लहान मेसेजला हरते तीच मोठ्या मेसेजला जिंकते. हे का, ते अल्फा बीटा कळल्याशिवाय सांगता येत नाही, आणि मुलाखतीत जो खोदून विचारतो तो नेमकं हेच विचारतो.

आणि ओपनएमपीत कम्युनिकेशन नाही असं नाही, फक्त दिसत नाही. चार थ्रेड, प्रत्येकाचा वेगळा काउंटर, पण चारही काउंटर एकाच अ‍ॅरेत शेजारी शेजारी ठेवले तर बघा काय होतं ते. ती चारही व्हेरिएबल एकाच ६४ बाइटच्या कॅश लाइनमध्ये (मेमरीतनं कॅशमध्ये एकदम उचलला जाणारा तुकडा) बसतात. एका कोरनं आपला काउंटर लिहिला की बाकीच्यांच्या कॅशमधली ती लाइन बाद होते, मग ती परत आणायची, मग दुसरा लिहितो. व्हेरिएबल कुणाचंच शेअर नाही तरी लाइन चौघांत पळत बसते. फॉल्स शेअरिंग. काउंटरमध्ये जागा सोडली किंवा रिडक्शन क्लॉज टाकला की तोच कोड सुसाट. मॅडमनी हे प्रॅक्टिकल जरूर घ्यावं (ऑप्टिमायझेशन बंद ठेवून, नाहीतर कंपायलर काउंटर रजिस्टरमध्ये ठेवतो आणि काहीच दिसत नाही). पण एमपीआयच्या नंतर घ्यावं, कारण तिथं मेसेज स्वतः हातानं लिहिलेला असतो, म्हणून इथं न लिहिलेला मेसेज ओळखता येतो.

एसएसएच कीचा त्रास मान्य. त्याला उपाय म्हणजे लॅब असिस्टंटना एकदा बसवून सगळ्या पीसीवर एकच युजर, कीज आणि एक एनएफएस फोल्डर (सगळ्या पीसींना दिसणारं) करून घ्या, पोरांच्या वेळेतनं ते जाऊ देऊ नका. आणि लॅब लहान आहे असं कुणी म्हटलं तर सांगा की १९९४ मध्ये नासाच्या गोडार्ड सेंटरमध्ये थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी पहिला बेओवुल्फ क्लस्टर केला तो पण १६ च पीसींचा होता, ४८६ प्रोसेसर आणि १० मेगाबिट इथरनेट. एमपीआयचं पहिलं स्टँडर्ड पण त्याच वर्षीचं.

---

प्रयाग_चिखली

सगळं वाचलं, माझ्याकडनं एक प्रोजेक्ट सुचवतो. आमचं गाव संगमावर, पावसाळा आला की सगळ्यांच्या तोंडी एकच, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फूट झालं. ३९ ला इशारा, ४३ ला धोका. हे आकडे कोल्हापुरातल्या पोराला पाठ असतात. मग पुराचंच सिम्युलेशन द्या की.

३० मीटरचा एसआरटीएम उंचीचा नकाशा फुकट मिळतो. २४०० बाय २४०० चौकोनांची ग्रिड घेतली तर ७२ किलोमीटर बाय ७२ किलोमीटर होते, राधानगरीपासनं नरसोबाच्या वाडीपर्यंतचा पट्टा त्यात बसतो. शॅलो वॉटर, म्हणजे उथळ पाण्याच्या प्रवाहाची समीकरणं, दर स्टेपला प्रत्येक चौकोन फक्त शेजाऱ्यांकडं बघतो. १६ पीसींना वाटून द्यायचं आणि दर स्टेपला फक्त कडेच्या ओळी शेजारच्या पीसीला द्यायच्या, हेलो एक्स्चेंज.

इथं वाटणी कशी करायची याचा वाद लय छान होतो. पट्टे केले तर दर पीसीला १५० ओळी, शेजारी दोन, दर स्टेपला ४८०० चौकोनांचा डेटा. ६०० बाय ६०० चे चौरस केले तर शेजारी चार पण डेटा निम्मा, २४००. वरच्या दादांचे ५० मायक्रोसेकंद आणि ११५ एमबी धरून आणि चौकोनामागं एक डबल धरून पट्ट्यांना साधारण ४३५ मायक्रोसेकंद, चौरसांना ३६७. चौरस जिंकले. पण ग्रिड ६०० बाय ६०० ची असेल तर पट्ट्यांना १८३ आणि चौरसांना २४२, आता पट्टे जिंकले! कारण लहान मेसेजमध्ये लॅटन्सीच सगळं खाते आणि चौरसांना मेसेज दुप्पट. पुस्तकात बऱ्याचदा चौरस चांगले एवढंच असतं. शिवाय सीमध्ये उभी कड मेमरीत सलग नसते, तिथं एमपीआय_टाइप_व्हेक्टर (सलग नसलेला डेटा एकदम पाठवायची सोय) शिकवायला आयतं निमित्त मिळतं.

आणि यात पीसी वाढवले की खरंच फायदा दिसतो. १० मीटर खोल पाण्यात लाट साधारण सेकंदाला १० मीटर जाते, म्हणून ३० मीटरच्या चौकोनाला स्टेप ३ सेकंदांपेक्षा मोठी घेता येत नाही, एका दिवसाला २८,८०० स्टेप. चौकोनामागं १०० ऑपरेशन धरली तर एका कोरला साडेचार तासांच्या वर, १६ पीसींवर एकेक कोर घेऊन १७-१८ मिनिटं, त्यात कम्युनिकेशन दहा-बारा सेकंद. प्रत्यक्षात चौकोनामागं पाण्याची खोली आणि दोन दिशांचा प्रवाह अशी तीन व्हेरिएबल जातील, तरी ते मिनिटभराच्या आतच राहतं. अ‍ॅरेच्या बेरजेत सगळा वेळ वाटपात गेला आणि इथं जवळजवळ सगळा कामात, हे दोन्ही एकाच सेमिस्टरमध्ये बघितलं की पोरगं विसरणार नाही.

फक्त एक गोष्ट हात जोडून सांगतो, याला पुराचा अंदाज म्हणून कुठं शेअर करू देऊ नका. त्या नकाशात उंची काही मीटरनं इकडंतिकडं असते आणि नदीचं पाण्याखालचं पात्र त्यात दिसतच नाही. पावसाळ्यात असला नकाशा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला तर गावात गोंधळ होतो, माणसं रात्री जनावरं सोडून निघतात. शिकण्यापुरतंच ठेवा.

---

लॅब_नंबर_तीन

सगळ्यांचे खरंच आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. ठरवलंय असं: पहिल्या आठवड्यात पिंग-पाँग आणि ग्राफ, मग अ‍ॅरेची बेरीज दोन्ही पद्धतीनं, मग मॅट्रिक्स फॉर लूपनं आणि बीकास्टनं, आधी कागदावर अंदाज आणि मग रन. काकांचा १६ पोरांचा हायपरक्यूब पोर्चमध्ये घेणार. एस्सेंडचा नियम आजपासनंच. फॉल्स शेअरिंग नंतर. पुराचा प्रोजेक्ट दोन ग्रुपना देते, ज्यांची गावं नदीकाठची आहेत त्यांनी आपणहून मागितलाय, आणि बाहेर शेअर न करण्याचं लेखी घेते.

जर्नलला कन्क्लूजनची छापील ओळ काढून टाकली, त्या जागी मोजलेला वेळ, कागदावरचा वेळ आणि दोन्हीत फरक का पडला एवढंच लिहायचं. व्हायवाला पण हेच विचारणार.

एक शंका राहिली. घाईत पिंग-पाँग करून बघितलं तर बाकी सगळ्या जोड्यांना १०० एमबीच्या वर मिळतंय पण एका पीसीला कुणाशीही जोडलं तरी ११-१२ एमबीच्या वर जात नाही. पीसी बाकीच्यांसारखाच आहे. हे काय असेल?

---

शाहूपुरी_सहावी_गल्ली

तो पीसी १०० मेगाबिटवर जोडला गेलाय मॅडम, ११-१२ एमबी म्हणजे बरोबर तेवढंच. गिगाबिटला केबलच्या आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात, त्यामुळं एखादी तार तुटली किंवा क्रिम्पिंग सैल झालं की तो गपचूप १०० वर येतो आणि इंटरनेट वगैरे चालत राहतं म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. त्या पीसीवर एथटूल (नेटवर्क कार्डाची माहिती दाखवणारी कमांड) चालवून स्पीड १००० दाखवतंय का बघा, नसेल तर आधी केबल बदला, मग स्विचचा पोर्ट. आणि ते होईपर्यंत हा पीसी होस्टफाइलमधनं (एमपीआयनं कुठले पीसी वापरायचे त्या यादीतनं) काढून ठेवा, बीकास्टच्या झाडात तो मधे आला तर त्याच्या खालचे सगळे त्याच्यासाठी थांबतील.